कानापुढची नळी

बाईंच्या जिभेला डाव्या कडेला फोड आला, तेव्हा त्यांनी त्याचं खापर दाढेवर फोडलं. दाढेचं टोक लागतंय, दुसरं काय! दातांच्या डॉक्टरांनी टोक घासून दिलं. फोड मात्र तसाच राहिला. पहिलीच्या चाळीस मुलांकडून दिवसभर अक्षरं घोकून घ्यायची, तर जिभेला आराम कुठला? सुटी लागली की बरा होईल, असं त्या म्हणत राहिल्या. सुटी लागली आणि संपलीही.

काहीतरी बिनसलंय हे घरात सगळ्यात आधी काकांच्या ध्यानात आलं, आणि काकांना तर ऐकूच येत नव्हतं.

काका म्हणजे बाईंचे यजमान. दारं-खिडक्या बनवायचे. घराच्या मागेच वर्कशॉप. करवतीच्या आणि रंध्याच्या यंत्रांशेजारी वीस वर्षं उभं राहून चाळिशीच्या आतच त्यांचे दोन्ही कान गेले. स्वतःचाच आवाज ऐकू येईना, त्यामुळे तो किती ठेवायचा याचा अंदाजही गेला. दुकानात त्यांनी हळूच काही विचारलं तरी रस्त्यापलीकडची माणसं वळून बघायची. गल्लीतल्या पोरांनी त्यांचं नाव ठेवलं भोंगाकाका. काकांना ते ठाऊक होतं. "नाव ठेवलं ते ठेवलं," ते म्हणायचे, "निदान मोठ्यानं तरी ठेवायचं!"

ओठ वाचायला त्यांना बाईंनीच शिकवलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, खिडकीच्या उजेडात, रोज संध्याकाळी तासभर. "पहिलीच्या पोरांना मी हेच सांगते. ओठ मिटून म, जीभ दातामागे लावून त. तुम्ही काय पोरांपेक्षा ढ आहात?" थोडे होते. प, ब आणि म त्यांना ओठांवर सारखेच दिसायचे. बाईंनी एकदा शर्टाची बटणं आणायला सांगितली, तर हे मटण घेऊन आले. पण दोनेक वर्षांत हात बसला, म्हणजे नजर बसली. मग घरात दोघंच असली की बाई आवाज काढायच्याच नाहीत, नुसते ओठ हलवायच्या. बसमध्ये, पाहुण्यांसमोर त्या खुशाल भांडून घ्यायच्या आणि कुणाला पत्ता लागायचा नाही. उत्तर मात्र काका भोंग्यातून द्यायचे. त्यामुळे अर्धं भांडण तरी चारचौघांना कळायचंच.

त्या दिवशी जेवताना काका घास हातात धरून बघत राहिले.

"तुझा ल कुठं गेला?"

"कसला ल?"

"लसूण म्हणालीस ना आता? जीभ वर गेलीच नाही. गेले आठ दिवस बघतोय. आणि त, थ म्हणताना डोळा बारीक करतेस. दुखतंय."

बाईंनी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. या माणसासमोर तोंड उघडायचं म्हणजे सगळंच उघडं.

तपासणीला जिभेचा बारीकसा तुकडा काढला. अहवाल आला त्या दिवशी लेक परगावाहून धावत आली. कॅन्सर होता. गाठ जिभेच्या कडेवरून खोलवर, मध्यापर्यंत गेली होती. सर्जन वयस्क होते. त्यांनी कागदावर जीभ काढली आणि पेन्सिलीनं डावा भाग रेघा मारून काळा केला.

"एवढी काढावी लागेल. मांडीची कातडी आणि मांस घेऊन जागा भरू. गिळता येईल. बोलणं जाडं होईल, पण सरावानं लोकांना कळेल."

"कुणाला कळेल?" बाईंनी विचारलं.

"सगळ्यांना. घरच्यांना तर नक्कीच."

"म्हणजे ऐकणाऱ्यांना." बाईंनी शेजारी बसलेल्या काकांकडे मान वळवली. "ह्यांना माझा आवाज अठरा वर्षं ऐकू आलेला नाही, डॉक्टर. ह्यांना कळतं ते इथलं." त्यांनी स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवलं.

सर्जननी पेन्सिल खाली ठेवली. त्यांना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. जिभेचं टोक राहील की नाही, राहिलं तर किती हलेल, हे त्यांना आधी सांगता येत नव्हतं आणि त्यांनी तसं प्रामाणिकपणे सांगितलं. मग ते म्हणाले, "वरच्या मजल्यावर माझा एक सहकारी आहे. तो नळीनं औषध देतो. एकदा त्याच्याशी बोला. मात्र उशीर करू नका."

नळीवाले डॉक्टर चाळिशीचे, मऊ आवाजाचे आणि ओठ झाकून टाकणाऱ्या झुपकेदार मिशीचे होते. त्यांनी बाईंचा हात धरून त्यांचीच दोन बोटं डाव्या कानापुढे ठेवली.

"ठोका लागतोय? ही धमनी. आपण केमो नेहमी हाताच्या शिरेतून देतो, ती अंगभर फिरते. जिभेच्या वाट्याला थोडीच येते. मी इथं लहानशी चीर देऊन शेवईएवढी नळी आत सोडणार आणि रक्ताच्या उलट दिशेनं खाली नेत नेत जिभेकडे जाणाऱ्या फांदीच्या तोंडाशी ठेवणार. औषध थेट गाठीच्या दारात. त्याच वेळी हातातून त्याचा उतारा सोडायचा, म्हणजे बाकी अंगाला झळ कमी. सोबत रोज रेडिएशन. सात आठवडे."

"आणि गाठ विरेल?"

"बऱ्याच जणांची विरते, सगळ्यांची नाही. नाही विरली तर ऑपरेशन करावंच लागेल, आणि तेव्हा ते आजच्यापेक्षा अवघड असेल. हे सात आठवडेही सोपे नाहीत. तोंड आतून सोलून निघतं. कानांवर थोडा परिणाम होऊ शकतो."

काका पुढे वाकून डॉक्टरांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. शेवटी त्यांचा धीर सुटला.

"डॉक्टर, मिशीत सगळं अडकतंय!"

बाहेर बाकावरची माणसं हसली. लेकीनं वडिलांना एकेक वाक्य समोर बसून सांगितलं. ऐकून काकांचा चेहरा पडला. ते तडक उठून बाहेर गेले, आणि बाई त्यांच्या मागोमाग.

कॉरिडॉरमध्ये काका भिंतीला पाठ लावून उभे होते. "ऑपरेशन करायचं," ते म्हणाले. आपण हळू बोलतोय असं त्यांना वाटत होतं. सगळी रांग ऐकत होती. "मी काय लहान आहे? पाटी घेऊ. लिहून देत जा. जीभ गेली खड्ड्यात, मला तू हवीस!"

रांगेतल्या एका म्हातारीनं डोळ्याला रुमाल लावला.

बाईंनी आवाज काढला नाही. काकांच्या शर्टाचं वरचं बटण त्यांनी नीट लावलं आणि ओठांनी बोलायला लागल्या. कुणाला काही कळलं नाही. काय बोलल्या ते काकांनी फार पुढं लेकीला सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, हे मी तुमच्यासाठी करत नाहीये, उगाच फुगू नका. मला माझ्या मुलांना ल शिकवायचाय. मला बोलायची हौस आहे. नाहीच जमलं, तर पाटी आहेच. पण आधी हे करून बघू द्या, आणि माझ्या आधी तुम्ही घाबरू नका, कारण मग मला घाबरायला जागाच उरत नाही.

"बरं," काका म्हणाले. तेही सगळ्यांनी ऐकलं.

नळी बसवली त्या सकाळी बाई जाग्याच होत्या. कानापुढची जागा तेवढी बधिर केली होती. त्यांना खरवडल्यासारखं कळत होतं, दुखत नव्हतं. वरच्या पडद्यावर त्यांच्याच कवटीची सावली दिसत होती आणि एक काळा दोरा वाट शोधत शोधत खाली उतरत होता. एकदा तो भलत्याच फांदीत शिरला. डॉक्टरांनी तो मागे घेतला, अंगठा आणि बोटात किंचित फिरवला आणि पुन्हा सोडला. शिशाच्या एप्रनाआडून ते मधूनमधून बोलत होते. "गिळू नका... आता गिळा. छान. आता जिभेला गरम वाटेल." वाटलं. कुणीतरी कोमट पाण्याची पिशवी तोंडात धरल्यासारखं.

मग त्यांनी नळीतून निळा रंग सोडला. "जीभ बाहेर काढा बघू."

बाईंनी काढली. सिस्टरनं त्यांच्यासमोर आरसा धरला. डावी अर्धी जीभ शाई प्यायल्यासारखी निळी झाली होती, अगदी मधोमध रेघ आखल्यासारखी. गाठही निळी झाली होती.

"रंग जिथं गेला, औषध तिथंच जाणार," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर बाईंनी काकांना जीभ दाखवली. काकांनी ती चष्मा वर करून, उजेडाकडे वळवून, दाराची फळी तपासावी तशी तपासली. "एकसारखा बसलाय रंग," ते म्हणाले. एवढंच म्हणून ते खिडकीशी गेले.

दर मंगळवारी नळीतून औषध आणि रविवार सोडून रोज रेडिएशन असा क्रम सुरू झाला. नळीचं बाहेरचं टोक कानावर चापून बसवलेल्या पट्टीखाली असायचं. अडचण झोपण्याची होती. डाव्या कुशीवर वळलं की नळी दबायची, आणि बाई जन्मभर डाव्याच कुशीवर झोपलेल्या. काका दुसऱ्या दिवशी घरी गेले ते लाकडाचं एक उतरतं उसं करून घेऊन आले. डोक्याच्या मापाचं, कानाच्या जागी वाटीएवढा खळगा, कडा पॉलिश पेपरनं घासून गालासारख्या केलेल्या, वरून मऊ कापड. बाई त्यावर निवांत झोपल्या. आठवड्याभरात वॉर्डातल्या दुसऱ्या दोघांनी तसंच मागितलं. काकांनी प्रत्येकाच्या डोक्याची मापं घेतली. मापं घेताना ते इतक्या मोठ्यानं आकडे म्हणायचे, की कुणाचं डोकं केवढं हे सगळ्या मजल्याला पाठ झालं.

दुसऱ्या मंगळवारी नळीवाले डॉक्टर आले तेव्हा त्यांना कुणी ओळखलंच नाही. मिशी सफाचट. त्यांनी काकांसमोर स्टूल ओढलं, मास्क खाली केला आणि प्रत्येक शब्द सुटा करत म्हणाले, "आता दिसतंय?"

"स्वच्छ," काका म्हणाले. "पण डॉक्टर, मिशी बरी दिसत होती हो."

तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलायला लागलं. पाणीसुद्धा काचेसारखं लागायचं. नाकातून पोटात दुसरी नळी घातली आणि बाईंचं जेवण सिरिंजनं व्हायला लागलं. काकांनी सिस्टरकडून ते शिकून घेतलं. सूप गाळायचं, मनगटावर थेंब टाकून बघायचं, हळूहळू सोडायचं. प्रत्येक वेळी ते बाईंना विचारायचे, "आज काय खाणार? सूप आहे, नाहीतर मग सूप आहे." बाई डोळ्यांनी हसायच्या. आवाज तर पुरता गेला होता. त्या नुसते ओठ हलवायच्या, तेही कमीत कमी. सिस्टर वही पुढं करायची, पण बाईंचा हात थरथरायचा. अख्ख्या मजल्यावर त्यांचं बोलणं कळणारा एकच माणूस होता आणि तो ठार बहिरा होता.

पाचव्या मंगळवारी मजल्यावर गर्दी होती. सिस्टरनं बाईंना औषधाच्या खोलीत घेतलं, नळी धुतली, पंप लावला. तिला नळी धुताना किंचित जड गेलं होतं, पण बाकी सगळं रोजच्यासारखं दिसत होतं. औषध चालू असताना त्या खोलीत नातेवाइकांना बसू देत नसत. काका दाराच्या काचेशी उभे होते.

दहा मिनिटांनी बाईंनी हात वर केला. सिस्टर आली, मास्कमधून काहीतरी बोलली आणि मळमळत असेल म्हणून तिनं भांडं पुढं धरलं. बाईंनी मान हलवली. सिस्टरनं उशी नीट केली. बाईंनी पुन्हा मान हलवली आणि ओठ हलवले. सिस्टर त्यांच्या खांद्यावर थोपटून म्हणाली असावी, थोडंच राहिलंय. ती पंपाकडे वळली.

काचेपलीकडून काका वाचत होते. बाईंचे ओठ सुजलेले, कोपऱ्यात चिरा पडलेल्या. पहिला शब्द कळला नाही. नुसता आ आणि मग जिभेचं टोक वर. मान? मान असतं तर आधी ओठ मिटले असते. पानही नाही. ओठ मिटलेच नव्हते. घशातून निघणारं अक्षर असणार. क. कान. पुढचा शब्द ओठ मिटून सुरू झाला. कान भाजतोय.

बाईंनी पुन्हा तेच म्हटलं, या वेळी सरळ काचेकडे बघत.

काकांनी दार ढकललं. "कान! तिचा कान भाजतोय! जिभेत नाही, कानात जातंय! बंद करा!"

आयुष्यात पहिल्यांदा तो आवाज अगदी पाहिजे तेवढा मोठा होता. सिस्टरचा हात तिला कळायच्या आत पंपावर गेला. दोन खोल्या पलीकडून नळीवाले डॉक्टर धावत आले. त्यांनी पट्टी काढली, बाईंचा कान बघितला, निळ्या रंगाची सिरिंज मागवली आणि रंग हळूच आत सोडला.

जीभ लालच राहिली. कानाची पाळ आणि कानशिलाची कातडी मात्र निळी होत गेली.

"सरकलीय," डॉक्टर म्हणाले. त्यांनी काकांकडे तोंड वळवून, मास्क काढून सांगितलं. "नळी वर सरकलीय. औषध जिभेकडे न जाता कानाकडे चाललं होतं. मागच्या मंगळवारपर्यंत जागेवर होती, मी स्वतः बघितली होती. आज आधी रंग सोडून बघायला हवं होतं. आमचं चुकलं." मग बाईंच्या हातावर हात ठेवून ते म्हणाले, "थोडंच गेलंय. कानाची कातडी जरा सोलेल, भरून येईल. उद्या सकाळी एक्स-रेखाली पुन्हा जागेवर नेतो. अजून दोनदा औषध द्यायचं राहिलंय."

सिस्टर कडेला उभी राहून रडत होती. बाईंनी तिला खुणेनं जवळ बोलावलं आणि तिचा हात थोपटला. मग त्या डॉक्टरांकडे बघून ओठांनी एकच शब्द बोलल्या.

डॉक्टरांनी काकांकडे पाहिलं. "काय म्हणाल्या?"

"पुरे, म्हणते."

वॉर्डात आणल्यावर बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या. त्या दोघांच्या संसारात तोंड फिरवणं ही साधी गोष्ट नव्हती. भांडण कितीही झालं तरी बाईंनी काकांकडे पाठ केली नव्हती, कारण पाठ केली की बोलणंच संपलं. लेकीनं आईला समजावलं, डोक्यावरून हात फिरवला. बाई हलल्या नाहीत. शेवटी लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही बसा. मी खाली जाऊन येते."

काका पाठीशी स्टुलावर बसले. खिडकीतून तिरकं ऊन येत होतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा डोळा लागला होता. काकांनी स्वतःचा तळवा गळ्यावर ठेवला, आवाजाचा थरथराट बोटांना कळेल असा. मग ते बोलायला लागले, आणि थरथर जास्त लागली की थांबून पुन्हा कमी करायचे.

"माझे कान गेले तेव्हा," ते म्हणाले, "मी तीन महिने वर्कशॉपमध्ये दाराकडे पाठ करून बसायचो. कुणी आलं तरी कळायचं नाही आणि कळून घ्यायचंही नव्हतं. तुला आठवतंय? तू शाळेतून यायचीस, वह्यांचा गठ्ठा घेऊन माझ्यामागे बसायचीस आणि तपासायचीस. मला माहीतच नव्हतं. एकदा पटाशी खाली पडली म्हणून वळलो, तर तू. भुशात मांडी घालून. लाल पेन हातात. मी विचारलं, कधीपासून बसलीस? तू बोटं दाखवलीस. मला वाटलं तीन तास. तू लाल पेनानं वहीवर लिहिलंस, तीन महिने."

शेजारच्या खाटेवरच्या बाई झोपल्याच होत्या. आवाज तिथवरसुद्धा पोचला नव्हता.

"तेव्हा तू मला वळ म्हणाली नाहीस. मीही म्हणत नाही. मी बसतो. उद्या नळी नको म्हणालीस तर नको. डॉक्टरांना मी सांगेन, मोठ्यानं सांगेन. ऑपरेशन म्हणालीस तर ऑपरेशन. मला काय हवंय ते त्या कॉरिडॉरमध्ये साऱ्या हॉस्पिटलनं ऐकलंय. फक्त आज कान भाजला तेव्हा तू काचेकडे बघून मला सांगितलंस. तेवढं सांगणं बंद करू नकोस. बाकी तुझ्या मनासारखं कर."

बाई ऐकत होत्या. अठरा वर्षांत त्यांनी हा आवाज ऐकला नव्हता. लग्नाच्या नव्या दिवसांत, घरात सासूबाई असताना, काका असंच बोलायचे. कानाशी, अर्ध्या आवाजात. तो आवाज यंत्रांनी नेला असं त्या धरून चालल्या होत्या.

त्या सावकाश वळल्या. नाकातली नळी सावरली. काकांचा तळवा अजून गळ्यावरच होता, आणि डोळ्यांतून येणारं पाणी त्याच हाताच्या मनगटावर पडत होतं.

"घसा दुखेल तुमचा," बाईंचे ओठ म्हणाले. "किती बोलता!"

मग थोड्या वेळानं: "उद्या सकाळी किती वाजता, ते विचारून या."

दुसऱ्या दिवशी नळी पुन्हा जागेवर गेली. रंग सोडला, अर्धी जीभ निळी झाली. त्यानंतर प्रत्येक मंगळवारी औषधाआधी रंग सोडायचा असा त्या मजल्यावर नियमच झाला, आणि काकांसाठी औषधाच्या खोलीत एक स्टूल कायमचं आलं. सातव्या आठवड्याच्या शेवटी डॉक्टरांनी नळी ओढून काढली. एवढीशी, वीतभर लांब. बाईंनी ती हातात घेऊन बघितली आणि परत दिली.

पुढचे दोन महिने वाट बघण्यात गेले. तोंडातली सोललेली कातडी भरून आली, नाकातली नळी निघाली. मग फोटो काढले आणि जुन्या जागेवरून पुन्हा एक तुकडा तपासायला घेतला. निकाल सांगायला सर्जन आणि नळीवाले डॉक्टर दोघंही एकाच खोलीत बसले होते. दोघांनीही मास्क काढून ठेवले होते.

"गाठ दिसत नाही," सर्जन म्हणाले. "तुकड्यातही काही नाही. तरी पाच वर्षं येत राहायचं. मी तुम्हाला इतक्यात सोडणार नाही."

काकांनी दोन्ही डॉक्टरांच्या आणि लेकीच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहिलं. आपण बरोबर वाचलं ना, म्हणून. लेकीनं मान डोलावली. काका काहीच बोलले नाहीत, आणि भोंगाकाका गप्प बसले म्हणून सिस्टर दारातून डोकावून बघून गेली.

सगळंच पूर्ववत झालं असं नाही. तोंड कोरडं पडायचं, पाण्याची बाटली सतत जवळ लागायची. स आणि श जरा जाड झाले. बारीक आवाज बाईंना ऐकू येईनासे झाले. दारावरची घंटी, कुकरची बारीक सुरुवातीची शिटी. "सगळ्या घरात आता एकही धड कान नाही," काका म्हणाले आणि त्यांनी घंटीऐवजी दाराला जाड लाकडी ठोकणी बसवली. ती आपटली की फरशी हादरायची आणि पायांना कळायचं.

शाळा उघडली तेव्हा बाई पहिलीच्या वर्गात परत गेल्या. पहिल्याच दिवशी पुढच्या बाकावरची एक मुलगी त्यांच्या कानापुढच्या व्रणाकडे बोट दाखवत काहीतरी म्हणाली. बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"पुन्हा सांग. माझ्याकडे बघून."

"बाई, इथं काय झालं?"

"इथून औषध आत गेलं."

"दुखलं?"

"हो. खूप."

मुलीनं विचार केला. "माझ्या गुडघ्याला पण लागलंय," तिनं सांगितलं आणि गुडघा दाखवला. बाईंनी तो नीट बघितला. मग वर्गाची ओळख झाली, पाट्या निघाल्या, आणि एका गोऱ्या दातपडक्या मुलानं आपल्याला सगळी अक्षरं येतात असं जाहीर करून लगेच दोन चुकवली.

संध्याकाळी बाई घरी आल्या त्या थेट वर्कशॉपमध्ये गेल्या. काका एका खिडकीच्या चौकटीला कानस मारत होते. बाईंनी पर्स ठेवली, पाण्याचा घोट घेतला आणि सकाळच्या पहिल्या तासापासून सांगायला सुरुवात केली. कोण रडलं, कुणी डबा उघडूच दिला नाही, मुख्याध्यापिकेनं नवी साडी कशी नेसली होती, दातपडक्यानं काय पराक्रम केला. काका कानस हातात धरून बघत राहिले. अर्धा तास झाला. बाई अजून मधल्या सुटीपर्यंतच आल्या होत्या.

काकांनी हळूच डोळे मिटून घेतले.

बाई थांबल्या. दोन क्षण त्यांनी वाट पाहिली. मग पुढं होऊन त्यांनी काकांचं नाक दोन बोटांत गच्च धरलं आणि ते हसत डोळे उघडेपर्यंत सोडलं नाही.

"हं," काका म्हणाले, "मधली सुटी झाली. पुढं?"